चमच्यातून पेल्यात : घरच्या ताज्या रसाचा इतिहास कसा शोधायचा?

पीएचडीचा विषय समितीपुढे मांडायला गेले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "घरी ज्यूस काढणं, यात इतिहास कुठे आहे?" मी घाईघाईत म्हणाले, "सर, लोक पूर्वीपासून फळांचा, भाज्यांचा रस काढत आले आहेत." सर शांतपणे म्हणाले, "पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि मी घरी आले.

त्याच महिन्यात माझी मावशी दवाखान्यात होती. तिनं सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्यायला सुरुवात केली होती, ग्लासभर. एके दिवशी रस कडू लागला. तिला वाटलं औषध आहे, कडू असणारच, म्हणून नाक दाबून संपवला. तासाभरात पोटात पिळवटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस सलाईन लागलं. सुदैवानं बरी झाली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "अगं, आपल्याकडे पूर्वीपासून घेतातच की दुधीचा रस."

परत तेच, पूर्वीपासून! ही पोस्ट त्या एका शब्दाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, काही जण सिनॉप्सिस लिहीत असतील. रोजच्या जगण्यातला साधा विषय घेतला की हा शब्द हमखास आडवा येतो. त्याला कसं भिडायचं ते माझ्याच विषयावरून सांगते.

मी केलं काय, तर प्रश्न लहान केला. "लोक रस कधीपासून काढतात?" याला उत्तर नाही. फळ हातात आलं आणि दाबलं की रस निघतो, याला कुठलं साल लावणार? त्याऐवजी विचारलं, "लोक एका वेळी किती रस पीत होते, आणि कशासाठी?" प्रमाण विचारलं की सोर्स बोलायला लागतात. औषधाचा ग्रंथ प्रमाण सांगतो, नौदलाचा शिधा प्रमाण सांगतो, जाहिरातही प्रमाण सांगते. पाककृतीची पुस्तकं मात्र 'अंदाजे' म्हणून मोकळी होतात, पण ते असो.

अर्धं पल

आपल्याकडचा सगळ्यात नेमका सोर्स म्हणजे शार्ङ्गधरसंहिता. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला हा ग्रंथ औषध *तयार* कसं करायचं याबद्दल बोलतो, म्हणून आपल्या कामाचा. वनस्पतीपासून औषध काढण्याचे पाच मूळ प्रकार आयुर्वेदात सांगितले आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. यातला पहिला स्वरस. ताजी वनस्पती आणायची, कुटायची, फडक्यात घालून पिळायची, जे निघेल तो स्वरस. ताजी मिळाली नाही तर वाळक्या चुर्णाच्या दुप्पट पाणी घेऊन ते एक दिवस-रात्र भिजवायचं आणि गाळून घ्यायचं, असा पर्यायही दिलेला आहे. म्हणजे 'ताजा रस, घरच्या घरी' ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. इथपर्यंत मावशी बरोबर.

आता प्रमाण बघा. स्वरस पचायला जड मानला आहे आणि त्याची मात्रा सांगितली आहे अर्धं पल. आजच्या आयुर्वेदिक औषधसूत्रांत एक पल म्हणजे ४८ ग्रॅम धरतात. अर्धं पल म्हणजे २४ ग्रॅम, दीड-दोन मोठे चमचे. मावशीच्या ग्लासात दोनशे मिलीलिटर तरी होते. आठपटीचा फरक!

पोटभर प्यायचं पेय हा वेगळाच वर्ग होता. संस्कृत ग्रंथांत त्याला पानक म्हणतात. आपलं पन्हं त्याच घराण्यातलं. त्यात फळाचा गर कमी, पाणी आणि गोडी जास्त, वर वेलदोडा किंवा मिरी. आमरस तर पेयच नाही, ते पोळीबरोबर खायचं पक्वान्न. म्हणजे एका बाजूला चमचाभर, कडूजहर, निर्भेळ औषध आणि दुसऱ्या बाजूला पेलाभर, गोड, पाणी घातलेलं पेय. दोन्हींची भांडी वेगळी होती आणि वेळाही वेगळ्या. आपण ज्याला 'ज्यूस' म्हणतो त्यात यांची सरमिसळ झालेली दिसते : औषधासारखा निर्भेळ, पण पाण्यासारखा ग्लासभर. ही सरमिसळ कधी आणि कुठे झाली, हा माझा प्रश्न ठरला. पुढच्या बैठकीत तोच मांडला आणि विषय मंजूर झाला.

जहाजावरचा पाऊण औंस

यासाठी मला भारताबाहेर जावं लागलं. मनात सुरुवातीला थोडा अपराधी भाव होता, की मराठी माणसाच्या स्वयंपाकघराचा इतिहास आणि मी वाचतेय ब्रिटिश नौदल. पण धागा जिकडे जातो तिकडे जावं लागतं.

१७४७ सालची जेम्स लिंडची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. 'सॅलिसबरी' या जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी, दोघादोघांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. तीच जोडी भराभर सुधारली, आणि सहा दिवसांत जहाजावरची फळं संपली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे थांबते. लिंड पुढे काय म्हणाला ते कुणी सांगत नाही. फळं समुद्रावर टिकत नाहीत, म्हणून त्यानं रस आटवून घट्ट पाक करायला सुचवला. आटवताना क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग जातो, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. म्हणजे बरोबर प्रयोग करणाऱ्या माणसानंच त्या प्रयोगाचा निष्कर्ष पातळ करून टाकला. संशोधनात हे होतं. आपल्या हाती काय लागलंय हे आपल्यालाच पुरतं कळलेलं नसतं.

ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. प्रमाण होतं दिवसाला पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ मिलीलिटर.

२४ ग्रॅम आणि २१ मिलीलिटर! हे आकडे शेजारीशेजारी लिहिले तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. गाईडना लगेच फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांनी एकमेकांचं वाचलं होतं का?" नव्हतं. मग हा योगायोग आहे, संबंध नाही. फार तर एवढं म्हणता येईल, की आंबट-कडू, निर्भेळ रस औषध म्हणून देताना दोन वेगळ्या जगांतली माणसं चमच्याच्याच मापात विचार करत होती. त्या फोननंतर मी वहीत दोन रकाने आखले, 'साम्य' आणि 'संबंध'. दुसऱ्या रकान्यात अजून फारशा नोंदी नाहीत.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नौदलानं भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजचं छोटं लिंबू घेतलं. वसाहत आपलीच, पुरवठाही आपलाच. १८७५-७६ च्या नेअर्सच्या उत्तर ध्रुव मोहिमेत छोट्या लिंबाचा रस जवळ असूनही स्कर्व्ही पसरली. डॉक्टर गोंधळले. अनेकांनी रसाची कल्पनाच मोडीत काढली आणि स्कर्व्हीला खराब झालेलं डबाबंद मांस कारण असावं असे तर्क सुरू झाले. १९१८ मध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-संशोधकांनी दाखवून दिलं, की छोट्या लिंबाच्या रसाची ताकद मोठ्याच्या जेमतेम चौथा हिस्सा असते, आणि साठवलेल्या रसाची आणखी कमी. 'रस' हा एक शब्द, पण कुठल्या फळाचा आणि किती दिवसांचा, यावर जीव वाचणं-न वाचणं ठरत होतं.

तान्ही मुलं

हा भाग लिहायला मला सगळ्यात जड गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून द्यायची मोहीम सुरू झाली. कारण पक्कं होतं. कच्च्या दुधातून जुलाब आणि क्षय पसरून हजारो मुलं दगावत होती. पण दूध तापवलं की त्यातलं आधीच थोडं असलेलं क जीवनसत्त्व आणखी घटतं. मग बाटलीवर वाढणाऱ्या काही बाळांना स्कर्व्ही व्हायला लागली : हिरड्या सुजणं, पाय हलवताना रडणं. उपाय सोपा होता, रोज थोडासा संत्र्याचा रस. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड हेस यांनी १९१४ च्या सुमाराला याचा नीट अभ्यास केला आणि डॉक्टर आयांना 'बाळाला रस द्या' असं ठामपणे सांगू लागले.

तो अभ्यास कुठे झाला, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. तो एका अनाथालयात झाला. काही बाळांचा संत्र्याचा रस मुद्दाम थांबवण्यात आला, त्यांना स्कर्व्ही होते का ते पाहायला. रस परत सुरू केल्यावर ती बरी झाली. १९२१ मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकानं यावर टीका केली. हेस यांच्या बाजूनं असं मांडलं जायचं, की अनाथालयात सगळ्यांची परिस्थिती सारखी असते म्हणून तुलना नीट होते. त्या काळी संमतीचे नियम आजच्यासारखे नव्हते, हेही खरं. पण परिस्थिती सारखी होती, कारण त्या बाळांच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं. आज तुमच्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा येईल, तेव्हा त्या बाळांची आठवण ठेवा एवढंच म्हणेन.

आपल्या प्रश्नापुरतं बघायचं तर इथवर रस चमच्यातच आहे. बाळाला देऊन देऊन किती देणार! पण एक गोष्ट बदलली. रस जहाजावरून घरात आला आणि तो काढायचं काम आईच्या हाताला लागलं.

काचेची पिळणी

आता पेला. त्यासाठी कॅलिफोर्नियात जायचं.

१८७३ मध्ये रिव्हरसाइड या गावी एलायझा टिबेट्स या बाईंकडे नेव्हल जातीच्या संत्र्याची रोपं आली. बिया नाहीत, साल सहज सुटते, हिवाळ्यात पिकतं. रेल्वे आणि बर्फाचे डबे आले आणि बघता बघता बागाच बागा झाल्या. शेतकऱ्यांनी मिळून सहकारी संघ काढला, तोच पुढे 'सनकिस्ट' या नावानं ओळखला गेला. सहकार म्हटल्यावर आपल्याला साखर कारखाने आठवतात आणि अडचणही ओळखीची आहे : पीक जास्त, भाव पडलेला.

संघाची जाहिरात शिकागोच्या लॉर्ड अँड टॉमस या कंपनीकडे होती आणि तिचा मालक होता आल्बर्ट लास्कर. १९१६ मध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये जाहिरात आली, संत्रं *प्या*. खा नव्हे, प्या. तोवर अमेरिकन घरात संत्रं सोलून किंवा अर्ध कापून चमच्यानं खायचं फळ होतं. खाताना एका माणसाला अर्ध किंवा एक पुरतं. पेला भरायला दोन-तीन लागतात. बस, हिशेब एवढाच.

नुसतं सांगून भागणार नव्हतं, कारण घरात पिळायचं साधन नव्हतं. लिंबासाठी लाकडी पिळण्या असत, पण संत्र्यासाठी त्या लहान पडत. मग संघानं काचेची पिळणी तयार करून घेतली. मधे रेघारेघांचा उंचवटा, भोवती रस साठायला वाटी, एका बाजूला ओतायची चोच आणि अंगावर 'सनकिस्ट' हे ठसठशीत नाव. किंमत दहा सेंट. अशा लाखो पिळण्या घरोघर गेल्या. वस्तू म्हणून ही पिळणी फार बोलकी आहे. लिंबाच्या पिळणीपेक्षा तिचा उंचवटा मोठा आणि वाटी खोल आहे, कारण ती पेल्यासाठी केली आहे. मोज घेण्याची ही नवी सवय तिच्या आकारातच दिसते. संग्राहकांच्या कॅटलॉगांत तिचे शेकडो फोटो मिळतात, पेटंटं ऑनलाइन बघता येतात. कागदपत्रं नसली की वस्तू वाचायची, हे मी या पिळणीवरून शिकले.

इथे सोर्सबद्दल एक इशारा. भाव इतके पडले होते, की शेतकरी झाडं तोडायला लागले होते आणि लास्करनं त्यांना वाचवलं, ही कहाणी तुम्हाला खूप पुस्तकांत मिळेल. ती मागे मागे नेत गेलात, तर बऱ्याचदा स्वतः लास्करच्या आठवणींपाशी पोचाल. जाहिरातवाला स्वतःच्या जाहिरातीबद्दल बोलतोय! कहाणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण दहा पुस्तकांत आलं म्हणजे दहा सोर्स झाले असं नसतं. एकाच विहिरीचं पाणी दहा हंड्यांत भरलेलं असू शकतं.

आणि हे सगळं 'ताजं, घरीच काढलेलं' यावरच का अडलं? बाटलीत भरून का नाही विकलं? १८६९ मध्ये टॉमस वेल्च यांनी द्राक्षाचा रस तापवून टिकवून दाखवला होता. पण संत्र्याचा रस तापवला की चव जाते, आणि नेव्हलची वेगळीच खोड आहे. पिळल्या पिळल्या गोड लागतो, पण तासाभरात कडवट होतो. फळात लिमोनिनचा बिनकडू पूर्वज असतो. पिळल्यावर तो रसातल्या आम्लाशी येतो आणि हळूहळू कडू लिमोनिन तयार होतं. हे वाचताना मला एकदम आपली मोसंबी आठवली. सकाळी काढलेला मोसंबीचा रस दुपारी तोंडात धरवत नाही. आई म्हणायची, "काढला की लगेच पी, नाहीतर कडू होईल." आमच्या घरात हा आईचा नियम होता, कॅलिफोर्नियात तो धंद्याचा नियम झाला. 'लगेच प्या' हे सांगायला आधी आरोग्य नव्हे, चव कारणीभूत होती.

आरोग्य मागून येऊन त्याला बिलगलं. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी 'व्हिटामिन' हा शब्द दिला, विशीच्या दशकात तो जाहिरातींत शिरला, आणि क जीवनसत्त्व नेमकं कुठलं हे १९३२ मध्ये ठरलं. म्हणजे रोज सकाळी पेलाभर रस ही सवय त्याच्या शास्त्रीय स्पष्टीकरणाच्या आधीच बऱ्यापैकी रुजली होती. मी तर म्हणेन, पेल्याचं माप प्रयोगशाळेनं ठरवलं नाही, बागेत उरलेल्या फळांनी ठरवलं. समितीतल्या एका मॅडमना हे पटत नाही. त्यांच्या मते डॉक्टरांनी आयांना रस शिकवला नसता, तर जाहिरातीवर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यांचं म्हणणं वजनदार आहे. एक प्रकरण त्यासाठी राखून ठेवलंय.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडातून गोठवलेला संत्र्याचा अर्क आला आणि पिळण्या फडताळात मागे गेल्या. तिथून पुढे घरी ताजा रस काढणं ही गरज उरली नाही, ती निष्ठा झाली. नॉर्मन वॉकर यांचं कच्च्या भाज्यांच्या रसावरचं पुस्तक १९३६ चं. भाजी आधी दळायची आणि मग दाबयंत्रात पिळायची, असं यंत्रही त्यांच्या नावानं निघालं. गाजर, सेलरी, बीट हे पेल्यात आले ते या वाटेनं. वॉकर शंभरीच्या पुढे कितीतरी जगले असं त्यांचे चाहते अजून सांगतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्या तर १८८६ ते १९८५, म्हणजे ९९ वर्षं. नव्व्याण्णव काय कमी आहेत? पण दंतकथेला ते पुरत नाहीत. माक्स गेर्सन यांनी तर कर्करोगावर दिवसाला तेरा पेले ताजा रस सांगितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९४७ आणि १९५९ मध्ये त्यांची प्रकरणं तपासली, त्यांत फायदा दिसला नाही. तरी पुस्तक आजही विकलं जातं, आणि ते वाचून औषधोपचार सोडणारी माणसं आजही आहेत. म्हणून हा इतिहास मला नुसता गमतीचा वाटत नाही.

येरवडा आणि एक भाषांतराचा घोळ

आपल्याकडे पेला कसा आला? एका साखळीत सांगता येत नाही. पण दोन जागा मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली येरवडा तुरुंग. २६ सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी पुणे करारानंतर उपास सोडला, कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. रवींद्रनाथ समोर होते. ही बातमी देशभर गेली. उपास सोडताना फळांचा रस घेणं हे दृश्य नंतर इतक्या आंदोलनांत दिसलं, की मोसंबीचा ग्लास ही आपल्या राजकारणाची एक खूणच झाली. १९४३ च्या आगाखान पॅलेसमधल्या एकवीस दिवसांच्या उपासात पाणी पोटात राहावं म्हणून त्यात थोडा रस घातला जात होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'स्वीट लाइम' म्हटलंय. शब्दकोश घेऊन बसलात तर त्याचं मराठी 'गोड लिंबू' होईल. खरं तर आपल्याकडच्या इंग्रजीत 'स्वीट लाइम' म्हणजे बहुतेक वेळा मोसंबी, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं मोसंबी लिंबू नाहीच, ती गोड संत्र्याच्या जातीची. मिठा लिंबू म्हणून वेगळं फळ आहे. इंग्रजी सोर्सवरून मराठीत लिहिताना फळाचं नाव दोनदा तपासा. मी एका सेमिनार पेपरात 'गोड लिंबू' लिहून बसले होते, एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. कान लाल झाले, पण दुरुस्ती बरोबर होती.

दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर काढला. परदेशी मिक्सर आपलं वाटण झेपेना म्हणून जळत होते, हे त्याचं कारण. म्हणजे यंत्र आलं ते चटणीसाठी आणि इडलीच्या पिठासाठी. रसाचं भांडं त्याला पुढे जोडलं गेलं. याचा परिणाम मोठा आहे. पाट्यावर दुधी वाटून फडक्यातून पिळायचा म्हटला, तर पेलाभर रसाला किती हात दुखतील! चमचाभरच निघायचा. मोटर आली आणि हात दुखणं हा जो नकळत लावलेला लगाम होता, तो सुटला.

कडू दुधी

आता परत मावशीकडे. २०१० मध्ये दिल्लीतले एक शास्त्रज्ञ दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पिऊन दगावले. त्यानंतर सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. दुधी, काकडी, भोपळा या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी अगदी कमी असतात, पण एखाद्या फळात खूप वाढतात. दिसायला तो दुधी इतरांसारखाच असतो. असा रस पोटात गेला तर उलट्या, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. समितीनं सांगितलं : रस काढण्याआधी एक फोड चाखून बघा, कडू लागली तर दुधी टाकून द्या, दुसऱ्या कशात मिसळून पिऊ नका, आणि पिऊन त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

शिजवलेली कडू भाजी आपण पहिल्या घासाला बाजूला सारतो. जेवणात कडू म्हणजे बिघडलं. औषधात मात्र कडू म्हणजे गुणकारी. मावशीच्या ग्लासात ही दोन्ही शहाणपणं समोरासमोर आली आणि चुकीचं जिंकलं. तिनं दुधीच्या रसाला औषधाचा नियम लावला, कडू असलं तरी गिळायचं. आणि माप लावलं पन्ह्याचं, ग्लासभर. 'पूर्वीपासून' या शब्दाच्या आत हे एवढं घडून गेलेलं असतं.

जाता जाता, बाळांचंही माप बदललं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नका. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत मोजते, कारण चोथा गेला की साखर मोकळी होते. शंभर वर्षांपूर्वीचा डॉक्टर आणि आजचा डॉक्टर, दोघंही आपापल्या काळातल्या दुधाबद्दल आणि अन्नाबद्दल बोलतायत. एकाला अडाणी ठरवून दुसऱ्याला शहाणं म्हणायची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्यानं करू नये.

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले होते. दुधीचा रस तिनं सोडलाय, भाजी करते. माझ्यासमोर दुधी चिरायला घेतला, देठाकडची पातळ फोड कापली, जिभेवर ठेवली, क्षणभर थांबली आणि मग बाकीचा चिरला. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" म्हणाली, "कुणी म्हणजे? आईच करायची असं." आणि मग जरा थांबून, "रस काढताना कसं आठवलं नाही कुणास ठाऊक."